चिंचकुंडच्या विहिरीचा कट

१

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला चिंचकुंडचा गुंडा उंब्रजच्या पोलीस चौकीच्या पायरीवर येऊन बसला, तेव्हा जमादार चांदसाहेब मुल्ला दाढी करत होते. एक गाल साफ झाला होता, दुसरा साबणातच होता. गुंडानं रामराम घातला आणि बसल्या जागेवरूनच सांगून टाकलं.

"जमादारसाहेब, आमच्या विहिरीत इख पडलंय. राहीबाईनं टाकलं. म्या माज्या डोळ्यानं बगितलं."

चांदसाहेबांनी उरलेला साबण टॉवेलनं पुसला, दोन शिपायांना हाक मारली आणि सायकलला टांग मारली. चिंचकुंड तिथून तीन मैल. वाटेत गावातल्या बायका भेटत होत्या. डोक्यावर रिकाम्या घागरी घेऊन त्या कृष्णेकडं निघाल्या होत्या. नदी गावापासून मैलभर लांब. मळ्यातल्या विहिरी जवळ नाहीत का, असं त्यांनी एकीला विचारलं, तर ती म्हणाली, मळ्यातलं पाणी मचूळ, त्यात डाळसुद्धा शिजत नाही. गोडं पाणी गावात एकाच विहिरीला, आणि ती आज गेली.

सन अठ्ठेचाळीसचा चैत्र होता. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, फार तर कमरेएवढं. चांदसाहेब पायऱ्या उतरून खाली गेले. पाण्यावर वीस-पंचवीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वास कसलाच नव्हता. ते वाकून बघत राहिले, तर एका माशाची शेपटी किंचित हलल्यासारखी वाटली. शेवटच्या पायरीवर पिवळसर गराचा एक लगदा पडला होता, त्यात बारीक बिया. त्यांनी तो हुंगला. वास ओळखीचा होता, फार जुन्या ओळखीचा, पण नाव ओठांवर येईना. लगदा त्यांनी रुमालात बांधला, चार मासे नदीच्या पाण्याच्या बादलीत टाकून घेतले आणि वर आले.

वर अर्धं गाव जमलं होतं. विहिरीशेजारी राहणारी म्हातारी साळूबाई पहाटे तेच पाणी प्याली होती आणि तेव्हापासून ओकत होती. ती आता जगत नाही, असं लोक बोलत होते.

"आणि राहीबाई?" चांदसाहेबांनी विचारलं.

कुणीतरी गावाबाहेरच्या वस्तीकडं बोट केलं. "पळाली. दाराला कडी हाय."

२

राहीबाईला चांदसाहेब ओळखत होते. महारवाड्यातली ही बाई सुईण होती. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. नवरा नाथाजी ब्रह्मदेशातल्या लढाईवरून लान्स नाईक होऊन परतला आणि आता सांगलीजवळ माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. सरकारी पाणवठ्यावर कुणालाही अडवणं हा गुन्हा, असा कायदा मुंबई सरकारनं केला होता. चिंचकुंडची विहीर लोकलबोर्डानं बांधलेली, म्हणजे सरकारी. माघात राहीबाई तिथं घागर घेऊन गेली. गावातला तरणा पैलवान हंबीरराव आडवा आला, घागर फुटली. ती तिथं भांडली नाही. चालत कराडला गेली आणि मामलेदारांपुढं कागदावर अंगठा उठवून आली. मामलेदारांनी तारीख दिली होती: चैत्रातला दुसरा सोमवार, सकाळी नऊ. ते स्वतः येणार आणि त्यांच्या देखत राहीबाई घागर भरणार.

तो सोमवार उद्यावर आला होता.

चांदसाहेब तिच्या घरात शिरले. चुलीशेजारी भांडी घासून पालथी घातलेली. परातीत जोंधळ्याचं पीठ झाकून ठेवलेलं. वळकटी जागेवर. पळून जाणारं माणूस पीठ मागं ठेवत नाही, हे त्यांना पहिल्यांदा टोचलं. मग भिंतीवरची रिकामी खुंटी दिसली. खुंटीखाली मातीवर तेलाचा जुना डाग उतरला होता. त्यांनी बोट फिरवून वास घेतला. एरंडेल.

एरंडेलाची बाटली असलेली पिशवी रोज तिथं टांगलेली असणार. सुईणीची पिशवी. घरातून तेवढीच गेली होती.

बाहेर शेजारीण रंगूबाई उभी होती. पोलिसांशी बोलायला वस्तीतलं कुणी तयार नव्हतं, तीही नव्हती. चांदसाहेबांनी तिला राहीबाई कुठं आहे असं विचारलंच नाही. "कुणाची बाई अडली होती?" एवढंच विचारलं.

रंगूबाईनं आजूबाजूला बघून घेतलं. मग हळूहळू सांगितलं. शनिवारी दुपारी माधवनगरहून निरोप आला होता. नाथाजीच्या चाळीतली कुणी पहिलटकरीण दोन दिवस कळा देत होती. राहीबाई पिशवी घेऊन ओढ्याच्या अंगानं गुपचूप निघाली. गावाला कळलं असतं तर मामलेदाराला भिऊन पळाली म्हणाले असते. मसूरच्या स्टेशनावर संध्याकाळची गाडी धरून सोमवारी सकाळपर्यंत येते, असं सांगून गेली होती.

"गाडीत बसताना कुणी बघितली?"

"न्हाई," रंगूबाई म्हणाली. "वाट हंबीररावाच्या उसातनं जाती, आवं. म्हनूनच काल धरनं माजा जीव टांगनीला लागलाय."

विहिरीपेक्षा मोठं काही घडलं असेल, हा विचार आतापर्यंत चांदसाहेबांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांनी एका शिपायाला तिथूनच मसूरला पिटाळलं, माधवनगरच्या स्टेशनमास्तराला तार करायला.

३

हंबीरराव अंगणात दगडावर बसून आंघोळ करत होता. तालमीची माती अंगावरून वाहत होती आणि गडी घागरीवर घागर ओतत होता. चांदसाहेबांना बघून त्यानं पंचा गुंडाळला आणि विचारण्याआधीच बोलायला लागला. पहिला कोंबडा आरवला तेव्हा तो तालमीकडं निघाला होता. विहिरीवर राहीबाई दिसली. हिरवं लुगडं, मुंडकं झाकलेलं, डाव्या काखंत पाटी. पाटी तिनं विहिरीत उपडी केली आणि खालच्या अंगाला गेली.

ओसरीवर त्याची बहीण अंजना लसूण सोलत होती. ती मेढ्याला दिलेली. चांदसाहेबांचा जन्मही मेढ्याचाच, तेव्हा दोन शब्द तिकडच्या डोंगराबद्दल झाले. आपण परवा शुक्रवारी आलो, सोमवारी परत जाणार, असं ती म्हणाली.

तिथून ते गुंडाच्या घरी गेले. गुंडा आप्पासोंच्या मळ्यात कामाला होता. दारासमोर ओला सडा होता. आत त्याची बायको बनुबाई भाकरी थापत होती आणि तिच्या पाठीशी दोन हंडे, तीन घागरी ओळीनं भरून ठेवलेल्या. गुंडाला त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. तो खाली बघत सांगत गेला.

"पयला कोंबडा आरवला तवा... हिरवं लुगडं, मुंडकं झाकल्यालं, डाव्या काखंत पाटी."

"बरं," चांदसाहेब म्हणाले आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

पहिला कोंबडा आरवतो तेव्हा चैत्रातही काळोख असतो. विहिरीवर चिंचेची सावली. त्या अंधारात बाई दिसेल, पण लुगड्याचा रंग? आणि दोन माणसं दोन ठिकाणी उभी राहून एकच गोष्ट बघतात, तेव्हा एकाला पाटी दिसते, दुसऱ्याला चाल दिसते. इथं तर शब्दालाही शब्द जुळत होता. पोरांनी पाढा म्हणावा तसा. मग पंतोजी कोण, हा प्रश्न उरला.

त्याच्या आधी दुसराही एक प्रश्न होता, आणि तो चांदसाहेब स्वतःलाही मोठ्यानं विचारत नव्हते. हे दोघं राहीबाईवर इतक्या खुशाल आळ घेतात, ते ती परत येऊन खोटं पाडणार नाही अशी खात्री असल्यामुळं तर नाही ना?

४

आप्पासो गावातले सगळ्यांत वजनदार गृहस्थ. साठी उलटलेली, लोकलबोर्डात ऊठबस, बोलणं मऊ. विहीर बोर्डानं बांधली खरी, पण जागा त्यांनी दिलेली. त्यांनी चांदसाहेबांना ओसरीवर बोलावून घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं आणि तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. ऊन चढलं होतं. चांदसाहेब दोन फुलपात्री पाणी प्याले. गार आणि गोड.

आप्पासोंनी काही बघितलं नव्हतं, आणि बघितल्याचा आवही आणला नाही. ते राहीबाईची कीवच करत होते. बाईमाणूस आहे, डोकं फिरलं असेल, तिला तुरुंगात घालून काय मिळणार, असं म्हणाले. गावची पोरं तापली आहेत, तेव्हा त्या लोकांनी आपणहून वस्ती उठवून दुसरीकडं बिऱ्हाड केलं तर सगळंच शांततेत मिटेल. विहीर तर आता पिण्याच्या कामाची राहिली नाही. बोर्डानं ती सोडून द्यावी, आपण आपल्या जागेत आपल्या खर्चानं बघू काय होतं ते.

"तुमच्याकडं पाण्याची अडचण नाही दिसत," चांदसाहेब सहज म्हणाले.

"आमचं काय, मळ्यातनं आणतात गडी," आप्पासो म्हणाले आणि पानाचं तबक पुढं सरकवलं.

चांदसाहेबांनी पान घेतलं. उठताना त्यांना वाटलं, इतका समंजस माणूस या गावात असून राहीबाईची घागर कशी फुटली? उत्तर मिळायच्या आतच शिपाई मसूरहून घामाघूम होऊन परत आला. तार गेली होती. पण मसूरच्या तिकीटबाबूला सुईण बाई आठवत नव्हती. शनिवारच्या गाडीला लय गर्दी होती, एवढंच तो म्हणाला.

५

दुपारी ते साळूबाईकडं गेले. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला, पण डोळे स्वच्छ. पाच वेळा ओकले, मग पोट हलकं झालं, आता भूक लागलीय, असं तिनं सांगितलं. चांदसाहेबांनी सुनेला म्हातारीला पाणी द्यायला सांगितलं. सून ओशाळली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. नवरा नदीला गेला होता, तो अजून यायचा होता.

चांदसाहेब बाहेर आले. चिंचेखाली ठेवलेल्या बादलीत त्यांनी डोकावून बघितलं आणि तिथंच उकिडवे बसले. सकाळी मेलेले चारही मासे पोहत होते.

तेव्हा त्यांना वास आठवला. मेढ्याला वेण्णा नदीच्या डोहात लहानपणी त्यांच्या वाडीतली माणसं गेळाची फळं कुटून टाकायची. मासे गुंगून वर यायचे, माणसं ते हातानं वेचायची. जे वाहत्या पाण्यात निसटायचे ते पुन्हा पोहायला लागायचे. त्याच फळाला वैद्य लोक मदनफळ म्हणतात आणि ओकारी करवायला देतात. साळूबाई मरणार नव्हती. कुणीच मरणार नव्हतं. ज्यानं हे टाकलं त्याला चार दिवसांनी हेच पाणी प्यायचं होतं.

आणि मग दुसरी गोष्ट आपोआप उलगडली. अख्खं गाव सकाळपासून घागरी घेऊन नदीला पळत होतं. साळूबाईच्या तोंडाला लावायला पाणी नव्हतं. अशा दिवशी एका घरात आंघोळीला घागरीवर घागर ओतली जात होती, एका घरात सडा पडला होता आणि हंडे भरलेले होते, आणि तिसऱ्या घरात पाय धुवायला पाणी मिळत होतं. पहाटे विहिरीवर कोण होतं, हे विचारत बसण्यात अर्थ नव्हता. आदल्या संध्याकाळी पाणी कुणी भरून ठेवलं, हे विचारायला हवं होतं. विहीर नासणार हे ज्याला आधी ठाऊक, तोच ती नासवण्यात सामील.

ते पुन्हा बनुबाईकडं गेले. गुंडा घरी नव्हता. एवढं पाणी कधी भरलं, असं विचारल्यावर तिनं पीठ मळता मळता साधेपणानं सांगितलं.

"काल सांजच्याला. धनी म्हनले, समदं भरून ठिव, उद्या विहिरीवर गर्दी व्हईल. आप्पासोंच्या घरचे गडीबी आमच्या म्होरंच भरत हुते. चार खेपा केल्या त्यांनी."

तिथून ते अंजनाकडं गेले. तिलाही माहेरी कुणी काही सांगितलं नव्हतं. गेळफळांचा विषय निघताच ती म्हणाली, दादानं बैलाच्या औषधाला मागवली होती, पाटीभर घेऊन आले. पण कुठं ठेवली ती आता दिसत नाहीत.

कोडं सुटलं होतं. पण चांदसाहेबांना त्याचा आनंद झाला नाही. माधवनगरहून तारेचं उत्तर आलं नव्हतं. शिपायांना घेऊन ते दिवस मावळेपर्यंत हंबीररावाचा ऊस तुडवत फिरले. बांध बघितले, पाट बघितले, राहीबाईच्या नावानं हाका मारल्या. काहीच सापडलं नाही. घरी गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही.

६

सोमवारी नऊला मामलेदारांची मोटार आली. चिंचेखाली टेबलखुर्ची मांडली होती. गाव एका बाजूला, महारवाडा दुसऱ्या बाजूला, मध्ये रिकामी जागा. आप्पासो पुढं झाले आणि त्यांनी नम्रपणे एक अर्ज टेबलावर ठेवला. इंग्रजीत टाइप केलेला, दोन पानांचा. रविवारी पहाटे विहिरीत विषारी पदार्थ टाकण्यात आल्यानं ती कायमची निकामी झाली आहे, तरी बोर्डानं ती सोडून देऊन जागा मूळ मालकाला परत करावी, असा मजकूर. चांदसाहेबांना त्यातली खुबी कळली. कायदा सरकारी विहिरीला लागू होता. तीच विहीर खासगी झाली की मालक म्हणेल तो पाणी भरेल.

मामलेदारांनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तक्रारदार राहीबाई कुठं आहेत?"

"पळाली, सायेब," हंबीरराव म्हणाला. "केलं ते अंगाशी आलं म्हनून पळाली."

मामलेदारांनी चांदसाहेबांकडं बघितलं. चांदसाहेबांनी खिशातला रुमाल चाचपला, पण बाहेर काढला नाही. आपण जे सांगणार ते सगळं खरं ठरेल, तिघं तुरुंगात जातील, आणि राहीबाई तरी परत येणार नाही, असंच त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात मसूरच्या वाटेनं एक बैलगाडी येताना दिसली. गाडीत खाकी कोट घातलेला एक माणूस आणि शेजारी पिशवी मांडीवर घेऊन एक बाई. रंगूबाईनं आधी ओळखलं. ती काही बोलली नाही, नुसती खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला.

चांदसाहेब दोन पावलं गाडीकडं गेले. पोलिसात अठ्ठावीस वर्षं काढली, पण एखादं माणूस गाडीतून उतरताना बघून इतकं बरं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

राहीबाई सरळ टेबलापाशी आली. उशीर झाल्याबद्दल तिनं मामलेदारांची माफी मागितली. गिरणीतला निजाम नावाचा मुकादम, त्याची बायको नूरजहां अडली होती. मूल पायाळू. रविवारी दिवस उगवायच्या वक्ताला सुटका झाली, मुलगी झाली, दोघी खुशाल. मग बाळंतिणीला एक दिवस सोडवेना. जमादारसाहेबांची तार रात्री पोचली तेव्हा शेवटची गाडी गेली होती. गिरणीचे डॉक्टर रविवारी सकाळी येऊन बाळंतिणीला बघून गेले होते, त्यांची चिठ्ठी खाकी कोटातल्या नाथाजीनं टेबलावर ठेवली.

"रविवारी पहाटे तुमी हितं विहिरीवर हुता म्हनत्यात," मागून कुणीतरी म्हणालं.

"पहाटे माजे दोनी हात कोपरापातुर त्या बाळंतिनीपाशी गुतलं हुतं," राहीबाई म्हणाली. "इचारा जावून."

गावात चुळबुळ झाली. गुंडा मागं सरकू लागला, तसा शिपायानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता चांदसाहेब पुढं झाले. त्यांनी रुमाल सोडून लगदा दाखवला, मासे दाखवले, अंधारातलं हिरवं लुगडं सांगितलं. मग शनिवारच्या संध्याकाळी भरलेल्या पाण्याची हकीकत घरासकट सांगितली.

"साहेब, खोटं बोलणारे दोघं आहेत," ते म्हणाले, "पण ठरवणारे तिघं."

आप्पासो हसले. त्यांच्या घरचं पाणी मळ्यातलं असतं, हे जमादार विसरले वाटतं, असं ते म्हणाले.

"विसरलो नाही. आज सकाळी मुद्दाम तुमच्या मळ्यात जाऊन पाणी पिऊन आलो. मचूळ आहे. काल तुम्ही मला पाजलंत ते गोडं होतं. गोडं पाणी या गावात एकाच विहिरीचं."

आप्पासोंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे विझले. मामलेदार मात्र त्यांच्याकडं बघत नव्हते. ते अर्ज पुन्हा उलगडून, उन्हात धरून बघत होते.

"हे यंत्र माझ्या ओळखीचं आहे," ते सावकाश म्हणाले. "आमच्या कचेरीसमोर बसणाऱ्या टायपिस्टचं. त्याचं एक अक्षर कायम अर्धंच उमटतं. तो शनिवारी दुपारी यंत्र गुंडाळतो ते सोमवारी दहाला उघडतो. आत्ता साडेनऊ झाले आहेत. आप्पासो, रविवारी पहाटे काय घडलं हे तुम्ही त्याला शनिवारीच कसं सांगितलंत?"

उत्तर गुंडानं दिलं. तो जमिनीवर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. शुक्रवारी आप्पासोंच्या ओसरीवर तिघं बसले, फळं हंबीररावानं कुटली, विहिरीत गुंडानं टाकली. कोणी मरत नाही, हे औषधच आहे, असं आप्पासो म्हणाले होते. साळूबाई त्याची सख्खी चुलती. ती ओकायला लागली तेव्हापासून त्यानं अन्न घेतलं नव्हतं.

"वझं उतरलं, सायेब," तो म्हणाला. "आता काय करायचं ते करा."

मामलेदारांनी चांदसाहेबांना विचारलं, खटला कशाचा भरणार, पाणी नासवल्याचा?

"तोही भरू. पण आधी कटाचा, कलम एकशेवीस-ब. एका बाईनं हक्काचं पाणी भरू नये, एका वस्तीनं गावात राहू नये, म्हणून तिघांनी ओसरीवर बसून ठरवलं. गुन्हा शुक्रवारी त्या ओसरीवरच झाला, साहेब. फळं मागनं पडली."

७

त्या सोमवारी घागर भरता आली नाही. दोन मोटा लावून तीन दिवस विहीर उपसली, गाळ काढला, आणि शुक्रवारी नव्या झऱ्याचं पाणी गुडघाभर चढल्यावर मामलेदार पुन्हा आले. राहीबाईनं घागर भरली, डोक्यावर घेतली आणि चालू लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी अडवलंही नाही. तिच्या मागून रंगूबाई, तिच्या मागून आणखी सहाजणी. वस्तीच्या तोंडाशी नाथाजी उभा होता. त्यानं घागर उतरून घेतली आणि दारातच ओंजळीनं पाणी प्याला.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं नाही. वरच्या आळीतल्या काही घरांनी पावसाळ्यापर्यंत नदीचंच पाणी आणलं. काही बायका राहीबाई गेल्याशिवाय विहिरीवर पाय ठेवत नव्हत्या. पण वस्ती उठली नाही. गुंडा माफीचा साक्षीदार झाला. आप्पासो आणि हंबीरराव यांना सक्तमजुरी झाली, आणि निकालाच्या दिवशी कोर्टातून बाहेर पडताना आप्पासोंनी चांदसाहेबांकडं बघितलं नाही.

ज्येष्ठात एक दिवस चौकीवर निरोप आला: चिंचकुंडच्या विहिरीवर भांडण पेटलंय, राहीबाई आहे त्यात, लवकर या. चांदसाहेबांनी सायकल अशी हाणली की वाटेत चेन पडली, ती बसवताना हात काळे झाले, आणि तसेच धापा टाकत ते विहिरीवर पोचले.

रहाटापाशी राहीबाई आणि बनुबाई समोरासमोर उभ्या होत्या. दोघींचे हात कमरेवर. बनुबाईचं म्हणणं, तिनं घागर आधी ठेवली होती. राहीबाईचं म्हणणं, घागर ठेवून घरी भाकरी भाजायला गेलेल्या माणसाचा नंबर राहत नसतो. भोवतीच्या बायका, गावातल्या आणि वस्तीतल्याही, दोन्ही बाजूंनी बोलत होत्या. त्यातल्या वरच्या आळीच्या दोघी राहीबाईचं बरोबर आहे म्हणत होत्या, आणि खुद्द रंगूबाई बनुबाईच्या बाजूची होती.

चांदसाहेब लांब उभं राहून ऐकत राहिले. जातीचा शब्द येतो का, याची वाट बघत होते. तो आला नाही. फक्त घागर, नंबर आणि भाकरी.

बायकांपैकी एकीनं त्यांना बघितलं आणि न्याय करायला बोलावलं. त्यांनी हात हलवून नकार दिला, सायकल वळवली आणि उंब्रजच्या वाटेला लागले. चौकीवर आल्यावर शिपायानं वही पुढं केली, काय लिहू म्हणून विचारलं.

"लिहायचं काही नाही," चांदसाहेब हात धूत म्हणाले. "विहिरीवरचं भांडण होतं. सगळ्याच गावांत होतं तसलं."